खंडेनवमीचं तेल

रेखाताई जाधवांशी माझी ओळख तेलामुळे झाली. दोन हजार चौदा साली आम्ही आयर्लंडमधल्या नासला राहायला आलो, तेव्हा खोकी अजून उघडायची होती, नवरा कामावर डब्लिनला गेला होता आणि मी भाड्याच्या घराच्या कुरकुरत्या दारातून सामान आतबाहेर करत होते. समोरच्या घरातून एक ठेंगणी, भक्कम बाई हातात वाटी घेऊन सरळ रस्ता ओलांडून आली. नाव नाही, गाव नाही. दार दोनदा ढकलून पाहिलं आणि म्हणाली, "किती रडून राहिलं बापा हे! सकाळपासून ऐकून राहिली मी." वाटीत बोट बुडवून तिने बिजागऱ्यांना तेल लावलं, दार पुन्हा ढकललं आणि ते गप्प झालं. बोटाला उरलेलं तेल तिने स्वतःच्या भांगावर पुसलं. "पुण्याची ना तू?" म्हणाली. "वाटलंच मला. शेजाऱ्याला बघून इतकं कमी हसणारं दुसरं कोणी नसतं."

तेव्हापासून त्यांच्या लेखी मी 'पुणेकरीण' झाले ती कायमची.

रेखाताई नागपूरच्या. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या मागून त्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन इथे आलेल्या. स्वतःची नोकरी नाही, पण दोन घरांच्या कामाला पुरेल इतका उरक. शिवणाचं मशीन होतं, त्यावर त्या अख्ख्या नासच्या मराठी बायकांचे ब्लाउज उसवून देत. इथल्या ब्रेडबटाट्याने कोणाचीच मापं राहत नाहीत, असं त्या तोंडावर सांगत. हसल्या की समोरच्या आयरिश म्हातारीचा कुत्रा भुंकायचा. आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं, ते म्हणजे खोबरेल. कान दुखला, तेल. केस गळले, तेल. सुटकेसची चेन अडकली, छत्री उघडेना, नवरा बोलेना, तेल. उरलेलं बोट भांगात. त्यांचे केस काळेभोर होते आणि त्या खोलीत आल्या की खोबऱ्याचा वास आधी यायचा.

आता ज्यांनी थंड देशात संसार केलाय त्यांना माहीत असेल, की इथे खोबरेल वर्षातले बहुतेक दिवस दगड असतं. चमच्याने खरवडून घ्यावं लागतं. पण रेखाताईंची बाटली कायम पातळ, कारण ती हॉट प्रेसमध्ये असायची. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटाला हॉट प्रेस. आयरिश लोक त्यात टॉवेल वाळवतात, आपण दही लावतो. रेखाताईंनी त्या कपाटात नागपूर करून ठेवलं होतं. दही, इडलीचं पीठ, तेलाची बाटली. त्यांना हवं तेव्हा तेल पातळच मिळायचं, त्यामुळे बाहेर त्याचं काय होतं याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

मुलगा अनिकेत. मित्रांचा अनी. मी पाहिला तेव्हा मेनूथला विद्यापीठात शिकत होता, रोज घरून बसने जायचा. उंच, बापासारखा कमी बोलणारा. आई मराठीत विचारणार, हा आमच्या किल्डेअर परगण्याच्या अस्सल हेलात इंग्रजीत उत्तर देणार. "जेवलास का रे?" "आय डिड, मॅम. इट वॉज ग्रँड." इथे आईला मॅम म्हणतात, ते चालायचं, पण या 'ग्रँड'चा रेखाताईंना भारी राग. ग्रँड म्हणजे नुसतं 'ठीक', आणि इथे सगळंच ग्रँड असतं. पाऊस ग्रँड, चहा ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. "ग्रँड काय ग्रँड?" त्या म्हणायच्या. "मीठ कमी होतं भाजीत. हात लावून बघायचं, मग बोलायचं." हे त्यांचं पेटंट वाक्य. मुलगा हसायचा, स्केटबोर्ड काखेत मारायचा आणि निघायचा. बसथांब्यापासून कॉलेजपर्यंत तो त्याच्यावरच जायचा. रेखाताई त्याला फळी म्हणत. "फळीवर चढून कॉलेजला जाते माझं पोरगं. बी. टेक. करून राहिलं म्हणे."

पंधरा सालच्या खंडेनवमीला मी त्यांच्याकडे प्रसादाला गेले होते. दिवाणखान्यात पाटावर सगळी आयुधं मांडलेली. भाऊजींचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, मिक्सर, विळी, शिवणाचं मशीन आणि शेवटी चाकं वर करून अनीची फळी. एकेकाला पुसून, तेलपाणी करून, हळदकुंकू आणि फूल. मशीनच्या तेलाची कुपी मशीनपाशीच संपली. फळीची पाळी आली तेव्हा रेखाताई हॉट प्रेसकडे गेल्या आणि खोबरेलाची बाटली घेऊन आल्या. प्रत्येक चाकाच्या मध्यावर, जिथे बेअरिंग असतं तिथे, त्यांनी सढळ हाताने धार सोडली आणि चाक फिरवलं. चाक छान फिरलं. बोट भांगात गेलं.

"मॅम, इट्स नॉट अ वेपन," अनी सोफ्यावरून म्हणाला.

"ज्याच्या भरवशावर रोज घराबाहेर पडतोस ते शस्त्रच," त्या म्हणाल्या. "आज चढायचं नाही त्याच्यावर. आज त्याला सुट्टी. उद्या दसऱ्याला काढ."

तो दुसऱ्या दिवशी घेऊन गेला. त्या दिवशी तो घरी आला नाही.

मेनूथला कालव्यावर एक जुना दगडी पूल आहे, मधोमध उंच. पलीकडून येणारी गाडी पुलाच्या माथ्यावर येईपर्यंत दिसत नाही. पुलाच्या उतरणीला रस्ता ओलांडायचा ही त्या पोरांची रोजची वाट. एक पाय मारला की फळी सरळ पलीकडच्या फुटपाथपाशी. त्या सकाळी फळी पलीकडे पोचली नाही, मध्येच मंदावली आणि वरून व्हॅन आली. तेव्हा कळलं ते इतकंच, आणि पुढची बरीच वर्षं आम्हाला याहून जास्त कळलं नाही.

पुढचे दिवस मी त्यांच्या स्वयंपाकघरात काढले. आयरिश शेजारी सँडविचची ताटं घेऊन येत होते, हात हातात घेऊन 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणत होते आणि पुढे काहीही न बोलता बसत होते. ते मला बरं वाटलं. आपली माणसं मात्र बोलत होती. देवाची इच्छा, नशीब, एवढंच आयुष्य घेऊन आला होता. रेखाताई प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होत्या. "मी खोबरेल घातलं होतं." लोकांना आधी कळायचं नाही. कळलं की ते घाईघाईने म्हणायचे, छे छे, असं मनातसुद्धा आणू नका. मला त्या घाईची चीड यायची. बाई काही सांगते आहे, आणि सगळे तिच्या तोंडावर हात ठेवायला धावताहेत. भाऊजीसुद्धा. "रेखा, पुरे," एवढंच म्हणायचे आणि मागच्या अंगणात जाऊन उभे राहायचे.

अशा मृत्यूनंतर इथे कॉरोनरसमोर, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, चौकशी होते. ती बऱ्याच महिन्यांनी झाली. मी रेखाताईंच्या शेजारी बसले होते. व्हॅनवाल्याने रडत रडत सांगितलं की ब्रेक मारला होता. अनीचा मित्र किअन, जो त्या सकाळी त्याच्या पुढे होता आणि आधी पलीकडे पोचला होता, त्याने काय पाहिलं ते सांगितलं. शेवटी कॉरोनरने घरच्यांना विचारलं, काही बोलायचं आहे का. भाऊजींनी नकारार्थी मान हलवली. रेखाताई उभ्या राहिल्या. पाठ करून आणलेल्या इंग्रजीत त्या म्हणाल्या की मी चाकात तेल घातलं, ते चुकीचं तेल होतं, थंडीत ते गोठतं, त्यामुळे फळी थांबली. ते लिहून घ्या.

कॉरोनर वयस्कर होता, भला होता. त्याने चष्मा काढला आणि फार हळुवारपणे सांगितलं, की मिसेस जाधव, तुम्ही स्वतःला असा त्रास करून घेऊ नका, कोणत्याही आईने असं करू नये. अपघाती मृत्यू असा निकाल दिला. बाहेर पायऱ्यांवर रेखाताई मला म्हणाल्या, "चाक फिरवूनसुद्धा नाही पाहिलं गं त्यानं."

पोलिसांनी फळी परत दिली ती मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत. फारशी मोडली नव्हती. रेखाताईंनी ती मागच्या शेडमध्ये, घरातल्या सगळ्यात थंड जागी, खुंटीला टांगली आणि तिला पुन्हा हात लावला नाही. त्याच आठवड्यात खोबरेलाची बाटली हॉट प्रेसमधून गेली. त्यांचे केस पाहता पाहता पिंजारले, पांढरे झाले. भांग कोरडा पडला.

मग त्यांनी चाकं शिकायला घेतली. मला आधी वाटलं, डोकं फिरलं. त्यांनी कुठून तरी जुनी, तशाच चाकांची फळी आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलली. फळीखालच्या लोखंडी आसाला ट्रक म्हणतात हे मला त्यांच्याकडून कळलं. ट्रकच्या टोकाला नट, नटामागे चाक, चाकाच्या पोटात दोन बाजूंनी दोन बेअरिंग. नट काढायचा, आसाच्या टोकावर चाक तिरकं धरून बेअरिंग उचकटायचं, सुईने त्याचं झाकण उडवायचं. आत छर्रे असतात. ते नेलपॉलिश काढायच्या पाण्यात घुसळायचे, कळकट पाणी ओतून द्यायचं, पुन्हा घुसळायचे, केसांच्या ड्रायरने कोरडे करायचे आणि मग तेलाचा एकच थेंब. मशीनच्या तेलाचा. "तेच तेल," त्या एकदा म्हणाल्या. "माझ्या घरात होतं. त्या दिवशीच संपलं."

एका ऑक्टोबरात सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर एक चाक खिळ्याला अडकवलेलं. आदल्या दिवशी त्यात खोबरेल घातलं होतं. "हात लावून बघ, मग बोल," म्हणाल्या. मी चाक फिरवलं. गोठलेल्या तुपात पळी फिरवावी तसं ते फिरलं आणि थांबलं.

"जड आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "तू पहिली बोललीस." मग हात सोडला. "पण त्या दिवशीचं कोण सांगेल? तो बसपासून पुलापर्यंत तर आलाच ना याच्यावर. फिरलं असेल तेवढ्यात, गरम झालं असेल. का नसेल झालं? मला ते पाहिजे. मला माफी नको कोणाची."

ही एक गोष्ट त्यांना हवी होती. बाकी कशातही त्यांचा जीव उरला नव्हता.

नासच्या स्केटपार्कमध्ये त्या जायला लागल्या, ते बहुधा त्यासाठीच. अनीचे मित्र तिथे येत. कुंपणालगतच्या बाकावर रेखाताई रेनकोट घालून बसायच्या, मांडीवर जुना टॉवेल, शेजारी शिवणाच्या डब्यात नट खोलायचे पाने आणि सुया. पोरं आधी बिचकली. अनीची आई आहे म्हटल्यावर आणखीच. मग एकाचं चाक करकरत होतं, ते त्यांनी हाक मारून मागून घेतलं आणि ठीक करून दिलं. हळूहळू रांग लागायला लागली. मिसेस जे असं त्यांचं नाव पडलं. चाक कानाशी धरून त्या फिरवत, डोळे मिटून ऐकत. झिजलेली चाकं पुढची मागे, डावी उजवीकडे करून लावत, म्हणजे सगळी सारखी झिजतात. ट्रकचा मोठा बोल्ट कोणी सैल ठेवला असला की मात्र त्यांचा तोल जायचा. सैल ट्रकवर वळायला मजा येते म्हणे. "मजा?" त्या मराठीतच ओरडायच्या. "वेगात ही फळी थरथरेल ना, तेव्हा बघ मजा!" त्या धटिंगण पोरांना एक अक्षर कळायचं नाही, पण ती मान खाली घालून उभी राहायची.

त्यांच्याकडे कोणी काम झाल्यावर ग्रँड म्हटलं, की त्या फळी हातातून काढून घेत, उलटी करत आणि चाक फिरवायला लावत. स्वतः फिरवून पाहिल्याशिवाय कोणाला जायची परवानगी नव्हती. आणि कितीही आर्जवं केली तरी त्या तिथे हसत नसत. पूर्वीचं ते कुत्रा भुंकवणारं हसू मी पुन्हा ऐकलं नाही. हे सेवाभावी काम आहे, दुःखातून त्यांनी मार्ग काढला, असं आमच्या इथल्या मराठी मंडळात कोणीतरी भाषणात म्हणालं. मला उठून जावंसं वाटलं. मार्ग कसला? ती बाई साक्षीदाराची वाट बघत बसली होती.

साक्षीदार आला अठरा सालच्या शेवटी. किअन तेव्हा कॉर्कला एका औषधाच्या कंपनीत नोकरीला लागला होता. चौकशीनंतर तो पार्ककडे फिरकलाच नव्हता. सुट्टीला आला होता, आणि का कोण जाणे, त्या दुपारी बाकाशी आला. दाढी वाढलेली, हातात जुनीच फळी. मी रेखाताईंना घरी न्यायला आले होते, म्हणून तिथे होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, फळी घेतली, मांडीवर ठेवली, पाना लावला. मान वर न करता विचारलं, "किअन, त्याची चाकं जड होती का? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस."

मला वाटलं आता हाही ग्रँड म्हणणार.

"जड होती," तो म्हणाला. मग इंग्रजीत त्याने सगळं सांगितलं. बसमधून उतरल्यावर अनीने फळी टाकली आणि ती चालेचना. दर दोन हातांवर पाय मारावा लागत होता. पोरांनी त्याची टर उडवली. फळीला नारळाच्या चॉकलेटसारखा वास येतोय म्हणाले. फळीवर कुंकू होतं, झेंडूची पाकळी चिकटलेली होती. किअनजवळ चिंधी होती, पाना होता. तो म्हणाला, थांब, पाच मिनिटांत पुसून देतो. अनी नको म्हणाला.

"का?" रेखाताईंनी विचारलं.

"म्हणाला, काल आईने केलंय. तिच्या सणाचं आहे. शनिवार-रविवारपर्यंत राहू दे, मग काढेन. म्हणाला, तिला कळेल काढलं तर."

रेखाताईंचा पाना नटावरच थांबला होता. "हसत होता का, हे म्हणाला तेव्हा?"

"हो," किअन म्हणाला. "हसत होता." आणि तो रडायला लागला. एवढा मोठा दाढीवाला मुलगा, बाकाच्या टोकाला बसून तोंड झाकून रडत होता. रेखाताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्यांनी त्याचं काम पुरं केलं. चारही चाकं लावली, प्रत्येक नट आवळून चाकाला किंचित हलता येईल इतका मागे सोडला, ट्रकचा बोल्ट तपासला. फळी उलटी करून त्याच्यापुढे धरली. "फिरव," म्हणाल्या. त्याने रडत रडतच फिरवलं.

घरी जाताना गाडीत त्या म्हणाल्या, "त्याला माहीत होतं. काढू शकत होता. माझ्यासाठी ठेवलं." खरं हवं होतं ते त्यांना मिळालं होतं आणि ते त्यांना वाटलं होतं त्याच्या दुप्पट निघालं होतं. त्यांना वाटत होतं की मुलगा आपल्या चुकीने गेला. आता कळलं की ती चूक त्याने पोटात घातली म्हणून गेला.

त्या पुन्हा पार्कमध्ये गेल्या नाहीत. शिवणाचा डबा कोणाला देऊन टाकला तेही मला माहीत नाही.

एकोणीसच्या मार्चमध्ये जाधवांनी नासचं घर सोडलं, नागपूरला परत जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मी गेले तर भाऊजी खोकी बांधत होते आणि रेखाताई शेडमध्ये, त्या खुंटीसमोर उभ्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी फळी खाली घेतली होती. चाकांच्या मध्यावर मळकट पांढरं काहीतरी घट्ट बसलेलं दिसत होतं.

"इथं हे असंच राहते," त्या म्हणाल्या. "तिथं पातळ होईल ना गं? वाहून जाईल. त्यानं ठेवलेलं आहे हे."

नागपूरचा उन्हाळा मी एकदाच पाहिलाय. मला खोटं बोलता आलं नाही. "होईल," मी म्हटलं.

त्यांनी फळी दोन साड्यांत गुंडाळली आणि हातातल्या बॅगेत घातली.

मग मे महिन्यात एका सकाळी फोन आला, व्हिडिओवर. इथे पाऊस लागला होता, मी चहा करत होते. तिथे दुपार होती. पडदा आधी नुसता पांढरा झाला, इतकं ऊन. मग रेखाताई दिसल्या, त्यांच्या गच्चीवर, डोक्यावर पदर, घामाने चेहरा भिजलेला. आतापर्यंत फळी कूलरसमोर ठेवली होती, म्हणाल्या. आज मीच वर घेऊन आले. फोन त्यांनी कशाला तरी टेकवला. समोर फरशीवर फळी उलटी ठेवलेली होती, चाकं वर. आसावरून एक काळपट ओघळ फळीवर उतरला होता.

"बघ हं," त्या म्हणाल्या आणि बोटाने चाक फिरवलं.

ते फिरलं. वाळूचा किंचित आवाज करत फिरत राहिलं, फिरतच राहिलं. आम्ही दोघी बघत होतो. माझा चहा उतू गेला तरी मी हलले नाही.

"एवढं ऊन पाहिजे होतं फक्त," रेखाताई म्हणाल्या.

त्यांनी तळवा ठेवून चाक थांबवलं. हात वर घेतला तेव्हा बोटं तेलाने काळी झाली होती. त्या हाताकडे त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग पदर मागे सारला आणि ते तेल कोरड्या, पांढऱ्या भांगावर पुसलं.